आगळाचा पहिला घोट

दुकानदाराला किस्से शोधत फिरावं लागत नाही, बाकडं मांडलं की ते येऊन बसतात. पण यंदा आमच्या मालवणच्या बाकड्यावर जमलेले सगळे किस्से एकाच ठिकाणचे. माझ्या पोटातले!

मी आगळ विकतो. म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस. बायको पिंपातून डवलीने, म्हणजे करवंटीच्या पळीने काढते, घोटभर घेते, मग तीच डवली माझ्यापुढे. मी "पास!" म्हटल्याशिवाय पिंप हलत नाही. माझी जीभ म्हणजेच दुकान!

आणि पोट दुखतं म्हणून गेलो, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जठरात अल्सर आहे, जंतूंमुळे. बरं होईपर्यंत आंबट बंद!"

"बाई, पोटातल्या ॲसिडात ते जगतात कसे?"

"स्वतःभोवती अमोनिया तयार करतात, ॲसिड बोथट करतात. मग शेपटीने पोहत अस्तरापर्यंत जातात आणि घट्ट धरून बसतात."

मी मान डोलावली. कळलं काहीच नाही!

*

खडकावरची कालवं काढणाऱ्या पास्कूला हे सांगितलं. तो म्हणाला, "मगे कोयतो घालून खरवडूक सांग!"

"अरे, पोट आसा ता, खडक न्हय!"

"मगे मऊ जाग्यार चिकटली कशी?"

आता हे मी कोणाला विचारू?

*

पुढच्या खेपेला बाई म्हणाल्या, "ते वाटेल तिथे चिकटत नाहीत. पेशींवरची ठरावीक साखर ओळखतात आणि तिलाच धरतात."

मी आठ दिवस बिनसाखरेचा चहा प्यालो! बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, ती साखर पेशींची स्वतःची! चहातली नव्हे!"

*

गोळ्यांचा कोर्स संपला. महिन्याभराने, जंतू गेले का बघायला, पिशवीत फुंकर मारायची टेस्ट. रिपोर्ट क्लीन! मी बाकड्यावर सगळ्यांना गोड खाजं वाटलं.

बाईंनी विचारलं, "टेस्टआधी ॲसिड कमी करायची गोळी दोन आठवडे बंद होती ना?"

"छे! टेस्ट म्हणून मुद्दाम डबल घेतली!"

"मग हा रिपोर्ट धरता येत नाही. त्या गोळीने जंतू दबतात, टेस्टमध्ये सापडत नाहीत."

पास्कू खाजं चघळत म्हणाला, "म्हणजे आसत, पण गावनत नाय? तू मेल्या माका परत गोंधळात टाकलंस!"

*

गोळी बंद ठेवून पुन्हा टेस्ट केली. या वेळी खरंच क्लीन! मी लगेच विचारलं, "बाई, आता चाखू?"

"चाखता कसं?"

मी डवलीचं सांगितलं. बाई सावध झाल्या. "एकाच डवलीने? उष्ट्यातून हे जंतू पसरू शकतात! पहिला घोट कोण घेतं?"

"ही. पण चाखतो मी!"

शेजारी बसलेली बायको म्हणाली, "मी मान हलवतंय, मगे हे पास म्हणतत."

बाईंनी तिच्याकडे वळून विचारलं, "आणि यांना बंदी होती तेव्हा?"

"एक गिऱ्हाईक बोंबलत येवंक नाय."

मी काही बोलणार, तोवर बाईंनी दुसरी पिशवी पुढे केली होती. बायकोने पदर खोचला, माझ्याकडे पाहिलं आणि जोरात फुंकर मारली.