पूजेतला चेंडू

जमिनीवर ठेवलेला चेंडू पायाने हातभर मागे सरकवणे ही क्रिया जगातला कुठलाही धडधाकट माणूस करू शकतो. मला ती जमली नाही, आणि त्याला साक्षीदार पुष्कळ आहेत.

मी पुण्याचा. कॉलेजात असताना रग्बी खेळायचो. (पुण्यात रग्बी खेळतात. ‘पुण्यात रग्बी?’ असं विचारणारे बहुतेक लोक पुण्याचेच असतात.) तीही रग्बी युनियन, आणि तीही प्रॉप म्हणून. प्रॉप म्हणजे पुढच्या फळीतला जाडा. त्याने पळावं किंवा झेल घ्यावेत अशी कुणाचीच अपेक्षा नसते. दोन्ही संघांचे गडी डोक्याला डोकं लावून एकमेकांना रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. तिथे प्रॉपने जीव खाऊन रेटायचं. आणि चेंडू घेतलेला माणूस खाली पडला की त्याच्यावर जो ढीग होतो, त्यात सगळ्यांच्या आधी शिरायचं. मी ढिगातला माणूस. ढिगात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं.

पुढे नोकरीने सिंगापूरला आणलं. दोन हजार चौदाच्या आसपासची गोष्ट. क्वीन्सटाउनच्या एका जुन्या इमारतीत आमचा भाड्याचा फ्लॅट होता. घरात मी, बायको मृणाल, मुलगी सई आणि पुण्याहून काही महिन्यांसाठी आलेली माझी आई. ऑफिसात ग्रेग नावाचा एक ऑस्ट्रेलियन होता. एकदा लिफ्टमध्ये त्याने माझ्या मानेकडे (म्हणजे मान जिथे असायला हवी त्या जागेकडे) बघितलं आणि विचारलं, “तू कधी प्रॉप होतास का?”

इतक्या वर्षांत माझी मान अशी कुणी ओळखली नव्हती. मला भरून आलं. ग्रेगच्या संघाला एक गडी कमी पडत होता. संघ रग्बी लीगचा, म्हणजे रग्बीच्या दुसऱ्या प्रकाराचा होता, युनियनचा नव्हता. पण मी म्हटलं, चुलत भावंडंच ती. नाक-डोळे तेच असणार.

पहिल्याच सरावात चुलत भावंडांचं भांडण लागलं. लीगमध्येही स्क्रम होतो हे बघून मला आनंद झाला. मी खाली वाकलो, दात आवळले आणि सगळं पुणं पाठीशी घेऊन रेटा दिला. समोरची पूर्ण फळी कोलमडली. एकाच्या कोपराखाली ग्रेगचं नाक आलं.

“तू काय करतोयस?” नाक धरून ग्रेगने विचारलं.

“रेटतोय.”

“लीगमध्ये स्क्रम कुणी रेटत नाही.”

“मग वाकायचं कशाला?”

ग्रेगने जरा विचार केला. “पद्धत आहे.”

हे उत्तर मला पटलं. आमच्या घरातल्या निम्म्या गोष्टी याच कारणासाठी होतात.

ढिगाचीही तीच कथा. युनियनमध्ये माणूस पडला की सगळे तुटून पडतात. लीगमध्ये माणूस पडला की बाकीचे सभ्यपणे बाजूला होतात. पडलेला उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो, पायाने मागे सरकवतो, मागचा गडी तो उचलतो आणि खेळ पुढे जातो. असं सहा वेळा पडायची मुभा. त्यानंतर चेंडू समोरच्यांना. मला हे कळेपर्यंत मी दर वेळी पडलेल्या माणसावर एकटाच जाऊन आडवा होत होतो. बाकीचे चोवीस जण लांब उभे राहून माझं संपण्याची वाट बघायचे.

तरीही मी संघ सोडला नाही, आणि त्याचं खरं कारण सई होती. वय वर्षं नऊ. तिच्या डोळ्यांदेखत मी हॉकर सेंटरमध्ये (म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात) चुकीच्या रांगेत अर्धा तास उभा राहिलो होतो. मी गणित समजावायला लागलो की ती प्रेमाने म्हणायची, “नेव्हर माइंड बाबा, यू गो रेस्ट.” आपला बाप कशात तरी चांगला आहे, हे एकदा तरी पोरीने बघावं एवढीच माझी इच्छा होती. रविवारच्या सामन्याला तिने तिची मैत्रीण हुई मिन हिलाही बोलावलं होतं. आठवडाभर आधीच तिने मला तिच्या सिंगापुरी इंग्रजीत बजावलं, “बाबा, डोन्ट एनीहाऊ प्ले हां. माय फ्रेंड कमिंग.” (एनीहाऊ म्हणजे कसंही, वेडंवाकडं.)

तेव्हा प्रश्न एकाच गोष्टीचा होता: पायाने चेंडू मागे सरकवणे. प्रॉपच्या पायाला जमिनीत रुतण्यापलीकडे काही येत नाही. ग्रेगने संघाचा एकुलता एक चांगला चेंडू मला घरी दिला आणि सांगितलं, रोज सराव कर, रविवारी घेऊन ये. मग आमच्या हॉलमध्ये सराव सुरू झाला. मी सोफ्याजवळ पडायचो, उठायचो, चेंडू ठेवायचो. समोर प्रतिस्पर्धी म्हणून आई उभी राहायची. मागे चेंडू उचलायला मृणाल.

“सुहास, अजून किती वेळा पडणार आहेस? माझी पोळी करपतेय,” मृणाल म्हणाली.

“एकदाच. आई, तू जरा रागाने बघ माझ्याकडे.”

“मेथी न आणल्याबद्दल बघू?”

शनिवारपर्यंत चेंडू असा सुळकन मागे जायला लागला की मला जमतंय हे मृणालनेही कबूल केलं. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली नव्हती. रविवारी खंडेनवमी होती.

सकाळी आंघोळ करून आलो तर आईने पाटावर घरातली सगळी हत्यारं मांडली होती. माझा लॅपटॉप, मृणालची कात्री, विळी, मिक्सरचं भांडं, सईचा आयपॅड, आणि मधोमध, झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन, संघाचा चेंडू. आईने हात राखला नव्हता. हळद-कुंकू चांगलं पाण्यात कालवून थापलं होतं.

“आई, हा चेंडू मला न्यायचाय.”

“खरं तर पूजेतली वस्तू आज हलवायचीसुद्धा नसते. पण ने. फक्त पाय लावू नकोस.”

“अगं, सगळा आठवडा पायच तर लावत होतो. तू समोर उभी होतीस.”

“तेव्हा तो चेंडू होता. आता पूजा झालीय. हातांनी खेळ की. एवढे हात दिलेत देवाने.”

मैदानावर रात्रीच्या पावसाने गवत ओलं होतं. आई, मृणाल, सई आणि हुई मिन कडेला चटई टाकून बसल्या. मी दोरीवर उभा असल्यासारखा आत गेलो. पहिल्यांदा माझ्याकडे चेंडू आला, मी शिरलो, तिघांनी मला पाडलं, मी उठलो, चेंडू ठेवला, पाय उचलला आणि आईकडे बघितलं.

आई माझ्याकडे बघत होती. मेथीवालं बघणं नव्हतं ते.

पाय हवेतच राहिला. शेवटी मी वाकून हाताने चेंडू मागे दिला. शिट्टी. चेंडू समोरच्यांना.

“पाय!” ग्रेग ओरडला. “पाय कुठेय तुझा?”

पुढच्या वेळी मी डोळे मिटून पाय लावला. चेंडू मागे गेलाही. पण लहानपणापासूनचं वळण कुठे जातं? पुस्तकाला पाय लागला, माणसाला लागला, की आपला हात आपोआप त्या वस्तूला आणि मग छातीला जातो. माझाही गेला. मागच्या गड्याने चेंडू उचलायच्या आत मी चेंडूला हात लावून नमस्कार करून मोकळा झालो. परत शिट्टी. त्यापुढच्या वेळी चेंडू हाताशी सापडला नाही, म्हणून नुसतीच छातीला हात लावला.

हे दोनतीनदा झाल्यावर मैदानाच्या कडेचा प्रथमोपचारवाला पेटी घेऊन धावत आला. चाळिशीचा जाडा माणूस दर वेळी पडून उठला की छाती धरतोय, म्हटल्यावर त्याचं तरी काय चुकलं?

“छातीत दुखतंय?”

“नाही. आदर आहे.”

“डाव्या हातात कळ येतेय?”

“डाव्या हाताने नमस्कार करत नाहीत.”

त्याने काळजीने माझा हात हातात घेतला आणि ओरडला. माझा तळवा लालभडक होता. मग ग्रेगने आपले हात बघितले. लाल. समोरच्या कप्तानाचे लाल. ओल्या गवताने कुंकू सुटलं होतं आणि चेंडू ज्याच्या-ज्याच्याकडे गेला होता तो रंगला होता. कुणी कपाळावरचा घाम पुसला होता, कुणी शर्टाला हात पुसले होते. पंचाने खेळ थांबवला. रक्त येणारा गडी मैदानात राहू शकत नाही, असा नियम. मग दोन्ही संघ रांगेत उभे करून प्रत्येकाला तपासायला लागले. जखम कुणालाच सापडेना. एक दांडगा गडी तर आपल्या शर्टावरचा डाग बघून मटकन खाली बसला.

“हे काय आहे?” पंचाने चेंडू माझ्यापुढे धरून विचारलं.

“हळद-कुंकू. आईने लावलंय.”

“चेंडूला कशासाठी?”

ग्रेगने डोकं हातात धरलं होतं. त्याने न बघताच उत्तर दिलं, “पद्धत असेल.”

मला बाहेर बसवण्यात आलं. हृदयासाठी. मी चटईच्या टोकाला बसलो. हुई मिन चिप्स खात होती. सई माझ्याकडे बघतही नव्हती, आणि ते मला फार लागलं. आईने ते बघितलं. ती पर्सचं बक्कल उघड-बंद करत राहिली.

सामना संपत आला, आम्ही थोडक्या गुणांनी मागे होतो आणि ग्रेगचे गडी दमले होते. माझं हृदय ठीक असल्याची खात्री करून त्याने मला परत बोलावलं. तेवढ्यात चेंडू रेषेबाहेर घरंगळत आला तो थेट आईच्या पायाशी. आईने तो उचलला, पर्समधून पुडी काढली, चेंडूवर अक्षता टाकल्या, तो चटईवर इंचभर उत्तरेकडे सरकवला आणि हात जोडले.

“झाली उत्तरपूजा. आता लाव पाय,” मला म्हणाली.

पंच धावत आला. “या बाई काय करतायत?”

सई उठून उभी राहिली. “अंकल, माय आजी रीसेट द बॉल. नाऊ कॅन लाह.”

पंचाने अक्षता झटकल्या आणि खेळ सुरू केला. मला सांगायला हवं की त्यानंतरची काही मिनिटं मी खेळलो. खरंच खेळलो. चेंडू घेऊन शिरलो, चौघांना ओढत नेलं, समोरच्यांच्या रेषेच्या जवळ पडलो, उठलो, चेंडू ठेवला आणि पायाने असा सुळकन मागे दिला की मृणालने उभं राहून टाळ्या वाजवल्या. मागून आलेल्या ग्रेगने चेंडू उचलला आणि रेषेकडे झेप घेतली. हातभर अंतरावर त्याला पाडलं. पाडणारे बाजूला झाले. आता ग्रेगने फक्त उठायचं, चेंडू मागे द्यायचा, आणि मागच्याने तो रेषेपलीकडे टेकवायचा, की गुणही आमचे आणि सामनाही. वेळ तेवढाच उरला होता.

पण मला काय दिसलं? माणूस पडलाय. चेंडू त्याच्याखाली आहे. आणि ढीग अजून झालेला नाही.

मी झेपावलो. सगळ्या वजनानिशी ग्रेगच्या पाठीवर पडलो, चेंडूभोवती हात आवळले आणि बाकीच्यांची वाट बघत बसलो. कुणी येईना. खालून ग्रेगचा आवाज आला, “उठ.”

“थांब, आपली पोरं येतायत.”

“कुणी येत नाहीये. उठ.”

शेवटची शिट्टी वाजली तेव्हा आम्ही दोघं तसेच होतो.

हरल्यानंतर ग्रेग पाय ओढत चटईपाशी आला. मला वळसा घालून तो पुढे गेला. आईला त्याने वाकून विचारलं की पुढच्या रविवारी त्या मोकळ्या आहेत का. मग समोरच्या संघातला तो दांडगाही आला, आईबरोबर फोटो काढून घेतला आणि कपाळावर थोडं कुंकू लावून मागितलं. सई मधे उभी राहून सगळ्यांना सांगत होती, “माय आजी. यू मस्ट क्यू.”

परतताना एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या स्टेशनात हुई मिनने सईला हळूच विचारलं, “इतका वेळ झाला, पण तुझे डॅडी मैदानात काय करत होते ते मला कळलंच नाही. ते काय खेळतात?”

सईने माझ्याकडे बघितलं. हिरवं गवत, लाल हात, कानात माती. मग पोरीने मोठ्या मनाने मला सांभाळून घेतलं.

“ही नॉट प्लेयिंग, लाह,” ती म्हणाली. “ही कम विथ माय आजी.”

मीही मान डोलावली. आईला गेटवर कार्ड टॅप करता येत नव्हतं. बरोबर कुणीतरी लागतंच.