मागची खोली

माणसाला मान दिलेली असते, ती दोन्ही बाजूंना वळते आणि ती वळवायला कुणाची परवानगी लागत नाही. एवढी साधी गोष्ट अख्ख्या जगात एकालाही ठाऊक नाही, असं तिचं अलीकडे ठाम मत झालं होतं. ऑफिसात तिला सगळे ‘मागची’ म्हणत. हे नाव कसं पडलं ते सांगितलं की मत कसं झालं तेही कळेल.

सायकलींच्या दुकानावर दोन खोल्यांचं ते ऑफिस. माणसं पाच, पंखे दोन आणि डबा एक. डबा म्हणजे डोळ्यांवर बांधायचा हेडसेट. तो अजून बाजारात आलेला नव्हता. ज्यांना त्याच्यासाठी गेम बनवायचे होते, त्यांनाच आधी मिळाला होता. काळा, पुढून जड, मागे पट्टे, आणि डोक्यावरून निघून कॉम्प्युटरपर्यंत जाणारी जाडजूड वायर. तो चढवला की समोरची भिंत, पंखा, टेबलं सगळं नाहीसं होतं आणि माणूस थेट एका दीपगृहाच्या माथ्यावर जाऊन पोचतो. समोर खवळलेला समुद्र, अंधारातून येणारी जहाजं. आपण दिवा फिरवायचा आणि जहाजांना खडकांपासून वाचवायचं. असा तो गेम.

समुद्र मालकाने केलेला. मालक म्हणजे तिच्याच वयाचा, कॉलेजात तिच्या वह्या वापरून पास झालेला. ऑफिसची किल्ली त्याच्याकडे असते म्हणून मालक. आणि खेळणाऱ्याच्या पाठीमागची खोली हिने केलेली, म्हणून ही मागची. दीपगृहात कुणीतरी राहत असणारच ना? म्हणून तिथे एक कॉट होती, दोरीवर वाळत घातलेले मोजे होते, अर्धवट विणलेला स्वेटर होता, खिडकीत पेंगणारी मांजर होती. आणि शेगडीवर दुधाचं पातेलं होतं. दूध हळूहळू वर येई. खेळणाऱ्याने मागे वळून पातेल्याकडे पाहिलं आणि हातातलं बटण दाबलं, तर पातेलं खाली उतरे, मांजर जागी होई आणि खेळाला निराळीच वाट फुटे. नाही पाहिलं, तर दूध उतू जाई आणि थोड्या वेळाने नव्याने तापू लागे. दोन वर्षं ती या खोलीत राबत होती. त्या दुधावरची साय नीट सुरकुतावी म्हणून तिने घरी किती दूध तापवलं, ते तिच्या आईला विचारा.

आणि ते दूध रोज उतू जात होतं. कारण मागे वळून कुणी बघतच नव्हतं.

खेळून बघायला बाहेरची माणसं बोलावण्याचा क्रम सुरू झाल्यापासून हे उघडकीला आलं. त्याचा एक नियम होता: जो पहिल्यांदा डबा घालतो त्याच्याशी बोलायचं नाही. खूण नाही, खोकला नाही, ‘अहो, जरा इकडे’ नाही. उद्या हा गेम कुणी विकत नेला तर त्याच्या घरी आपण थोडेच उभे राहणार आहोत? शिवाय पहिली वेळ माणसाला एकदाच मिळते. एकदा सांगून बसलं की तो माणूस पुन्हा कोरा होत नाही. नियम चोख होता. तो तिनेच घातला होता, आणि आता त्याच नियमाने तिच्या नाकीनऊ आणले होते.

पहिला आला तो बस चालवणारा एक शेजारी. तिला केवढी आशा! ज्याचा जन्म पुढेमागे बघण्यात गेला, तो नाही बघणार तर कोण? तो पहाडासारखा बसला, समोर बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, “छान आहे, पण आरसा नाही बसवलात?” पाठोपाठ एक वकीलबाई. त्या डबा चढवताच इतक्या ताठ झाल्या की जणू फोटो काढायला बसल्या आहेत. “हलू का मी?” त्यांनी विचारलं. नियमाप्रमाणे कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्या हलल्या नाहीत. तिच्या आत्याने तर कमाल केली. पहिली लाट आल्या आल्या डोळे गच्च मिटले, ते डबा काढेपर्यंत उघडले नाहीत, आणि वर “फारच सुंदर हो, किती मेहनत!” असं म्हणून लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा डब्यावरून हात फिरवला.

सगळ्यांची तीच तऱ्हा. टीव्हीसमोर बसून बसून माणसांना वाटतं, बघायचं ते पुढ्यातच असतं. त्यात खुर्ची चार पायांची. गोल फिरणारी खुर्ची ती मागून मागून थकली, पण फिरणाऱ्या खुर्चीत वायर माणसाला गुंडाळते, म्हणून मालक नाही म्हणाला. मग तिने दुधाचा आवाज मागितला. मागून सूं सूं ऐकू आलं तर वळतील तरी! पण या डब्याला कानांचं काही नव्हतंच, आणि आवाजाचं काम पुढच्या टप्प्यात. पुढचा टप्पा! तो शब्द ऐकला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मालक काही दुष्ट नव्हता, आणि त्यामुळे तर तिचा अधिकच संताप होई. त्याचं म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं. यंत्राच्या पोटात मावेल तेवढंच घालता येतं. मागची खोली भरगच्च असल्यामुळे पुढचा समुद्र अडखळत होता. आणि समुद्र अडखळला की खेळणाऱ्याला मळमळतं. दोघांना खरोखरच बादली द्यावी लागली होती.

“हे बघ,” एके दिवशी तो म्हणाला, “खोली सुरेख आहे, मला मान्य आहे. पण जी कुणी बघत नाही तिच्यापायी जे बघतात ते ओकतायत. काय करू, सांग ना.”

“त्यांना बघू तरी दे आधी.”

“कोण अडवतंय? शनिवारपर्यंत बघ. एक जण, अगदी एकच माणूस आपणहून मागे वळला, की खोलीला हात लावणार नाही. मी माझ्या लाटा कमी करीन. नाही वळला कुणी, तर मागे साधी भिंत. कबूल?”

ती कबूल म्हणाली. न म्हणून करते काय?

तो आठवडा तिने जिवाचं रान केलं. सायकल दुकानदाराला वर आणलं, पाणी भरायला येणाऱ्या बाईंना बसवलं, दाताच्या डॉक्टरांना गळ घातली. डॉक्टर तोंड उघडं टाकून समोरची जहाजं बघत राहिले. प्रत्येक वेळी ती त्यांच्या पाठीशी ओठ आवळून उभी, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांची नजर कुठे फिरते ते दिसतंय. थोडी डावीकडे जायची. आणखी थोडी. आता कॉटचा पाय दिसणार, आता... आणि पुन्हा समोर. तिला वाटायचं, दोन्ही हातांनी यांचं डोकं धरावं आणि नळासारखं फिरवावं.

शनिवार उजाडला तेव्हा ओळखीतलं एकच माणूस कोरं उरलं होतं. तिची आई.

आईला तिने मुद्दामच आणलं नव्हतं. आई निवृत्त नर्स. वॉर्डात रात्र रात्र उभी राहिलेली बाई, पण गाडीत बसली की वळणावर पिशवी मागायची. शिवाय दोन वर्षं घरी रोज तोच प्रश्न: “तू नक्की करतेस काय गं तिथे?” आणि रोज तेच उत्तर: “खोली करतेय.” “म्हणजे सजावट?” “नाही गं आई.” “मग रंगकाम?” पुढे दोघींपैकी एक जण चिडून ताट उचलायची.

आई आली, चष्म्यावर डबा बसेना म्हणून कुरकुरली, बसला तेव्हा “अगंबाई” म्हणाली आणि हातातल्या बटणासकट खुर्चीचे दांडे दोन्ही हातांनी घट्ट धरून राहिली. समोर समुद्र उसळू लागला. मालक दाराशी फोनवर बोलत उभा होता, पण नजर इकडेच.

आई समोर बघत होती. एक जहाज गेलं. दुसरं गेलं. दिवा फिरवायचं तिच्या गावीही नव्हतं; तिसरं जहाज खडकावर आपटलं तेव्हा ती “अरेरे” एवढंच म्हणाली. मागे दूध वर आलं, उतू गेलं, पुन्हा तापू लागलं. मागची आईच्या पाठीशी उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. स्वतःची आई! जगातल्या सगळ्यांनी पाठ फिरवली, निदान हिने तरी... पण तीही समोरच बघत होती, इतरांसारखीच.

आणि तिच्या तोंडून, कळायच्या आत, “च्यक्” असा आवाज निघून गेला.

फार मोठा नव्हता. दाराशी फोनवर असलेल्या मालकाला तो ऐकू जाण्याचं कारणच नव्हतं. पण लेक वैतागली की असा आवाज करते, हे तीस वर्षं ऐकलेले कान खुर्चीत बसले होते. आई बसल्या जागी कमरेतून गर्रकन मागे वळली.

“अगं बाई, दूध! दूध चाललंय की उतू!” असं ओरडत तिने दोन्ही हात पुढे केले. हातांत त्या बटणाखेरीज काही नव्हतंच. ते येऊन लेकीच्या पोटावर आदळले. आईचा अंगठा दाबला गेला बटणावर, पातेलं उतरलं, पडद्यावर मांजर उठून आळस देऊ लागली.

मालकाने फोन खाली घेतला. “वळल्या!” तो खरंच आनंदाने म्हणाला. “अरे वळल्या की! जिंकलीस तू मागचे, राहिली तुझी खोली!”

 ‘च्यक्’ केल्याचं सांगावं का? कशाला सांगावं? कुणी ऐकलंय? ती गप्प राहिली असती. खरं सांगायचं तर ती गप्प राहणारच होती, आणि त्याची तिला लाजही वाटली नसती.

“मी कसली वळतेय,” डब्याच्या आतून आई खणखणीत आवाजात म्हणाली. “हिने च्यक् केलं, तेव्हा म्हटलं आता काय चुकलं माझं, म्हणून बघायला वळले.”

 मालकाने तिच्याकडे पाहिलं. तिने खाली मान घातली. त्याला फार वाईट वाटलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि तरीही तो काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं.

“सोमवारी भिंत घेशील करायला?” तो हळूच म्हणाला.

“घेते,” ती म्हणाली. आईचा तिला इतका राग आला होता की तो डबा खस्सकन ओढून काढावा असं वाटलं. नर्स म्हणून चाळीस वर्षं पेशंटांशी गोड गोड बोलली, आणि पोटच्या पोरीसाठी एकदा गप्प बसवलं नाही! तिने पट्ट्याला हात घातला.

“काढू नकोस गं,” आई म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम निथळत होता, ओठ पांढरे पडले होते. “ही कॉट कोणाची?”

“दिवेवाल्याच्या बायकोची. आई, तुला मळमळतंय. काढ ते.”

“मळमळू दे. आणि ती कुठाय?”

आता नियम उरलाच नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदा ती एका माणसाला आपल्या खोलीतलं सगळं मोठ्याने सांगू शकत होती, आणि घसा बसेपर्यंत तिने सांगितलं. बायको खाली किनाऱ्यावर गेली आहे. स्वेटर त्याचा नाही, मुलाचा आहे. मांजर दोघांपैकी कुणाचंच ऐकत नाही. आई प्रत्येक गोष्टीला “हो का?” म्हणत होती, मध्येच बादली जवळ ओढून घेत होती आणि पुन्हा डोकं वर करत होती.

“हे होय तू करत होतीस,” शेवटी ती म्हणाली. “मग सांगायचंस ना तसं.”

 लेकीने एका हाताने वायर उचलून धरली, दुसऱ्या हाताने आईचा खांदा धरला, आणि दीपगृहातल्या खोलीची दाराकडची बाजू अजून बघायची राहिली होती म्हणून तिला हळूहळू तिकडे वळवलं.