आबांसाठी व्हिस्की सावर

वडूजच्या घरी आबा रात्री न्हाणीत घसरून पडले आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. डावं मनगट मोडलं. मी त्यांना सांगलीला माझ्याकडे आणलं आणि ठरवून टाकलं, आता परत पाठवायचं नाही. त्यांचंही ठरलं होतं, प्लास्टर निघायची वाट न बघता जायचं. लेकीच्या घरी मुक्काम ठोकणं त्यांच्या मनाला पटेना. रोज सकाळी ते एका हाताने बॅग भरायचे आणि मी ती उपसून कपडे परत कपाटात ठेवायचे.

मी मुळातच उतावळी. आठवडाभरात डोकं फिरलं. संध्याकाळचा एक पेग हा त्यांचा फौजेपासूनचा नेम, पण इथं आल्यापासून त्यांनी तो बंद केला होता. सात वाजले की गॅलरीत नुसत्या येरझाऱ्या. त्यांची संध्याकाळ बरी गेली तर माणूस रमेल, असं मला वाटायचं.

"घ्या की आबा थोडी," मी म्हटलं.

"जावयाच्या घरात? न्हाई."

"आवं, कॅन्टीनची बाटली तुम्हीच तर आणलेली."

"जावयाला दिली ती दिली."

मग मी मोबाइलवर बघून व्हिस्की सावर करायला घेतलं. सरबतासारखं दिसलं तर नाही म्हणणार नाहीत, हा माझा शहाणपणा. व्हिस्की, लिंबू, साखरेचा पाक आणि फेसासाठी अंड्यातला पांढरा भाग. पहिल्या दिवशी अंड्याचा वास आला. दुसऱ्या दिवशी साखरेऐवजी गूळ घातला, तर काकवीत लिंबू पिळल्यासारखं लागलं. तिसऱ्या दिवशी संत्र्याची साल चेचून टाकली. नवरा म्हणाला, खोकल्याचं औषध झालंय. मी चमच्याने चाखायचे आणि सिंकमध्ये ओतायचे. आबा दारातून बघायचे आणि त्यांचा जीव तळमळायचा.

रविवारी पुरण घातलं होतं. आमटीसाठी डाळीचं पाणी, म्हणजे कट, काढताना त्यावर फेस दिसला आणि अंड्याचा प्रश्न सुटला. कट गार करून दोन चमचे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घातला. त्यात व्हिस्की, लिंबू, पाक आणि बर्फ. दंड भरून येईपर्यंत डबा हलवला. ग्लासात ओतल्यावर वर छान पांढरा थर आला. मी चमचा घेतला, तेवढ्यात आबा आत आले.

"आता ह्ये बी वतू नगंस. आण हिकडं."

हॉलमध्ये बसलेल्या जावयाकडे पाठ करून त्यांनी उभ्याउभ्याच ग्लास संपवला. मिशीला फेस लागला होता. "लय ब्येस झालंय," म्हणाले आणि सांगलीत आल्यापासून पहिल्यांदा हसले. मला इतका आनंद झाला की आतल्या खोलीत त्यांची कॉट कुठे लावायची, हेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं.

"कसं केलंस, दाव मला," ते म्हणाले. "घरी गेल्यावर करत जाईन."

रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सगळं पुन्हा डब्यात घातलं आणि डबा त्यांच्यासमोर आदळला. "करा."

उजव्या हाताने त्यांनी झाकण दाबून धरलं. प्लास्टरच्या हाताला खालची बाजू धरता येईना, डबा निसटायला लागला. मी तो खालून धरला आणि आम्ही दोघं मिळून हलवू लागलो.

"आता सोड," थोड्या वेळाने ते म्हणाले. "तिकडं धराया कोन हाय? एकट्याला जमाय पायजे."

मी डबा सोडला नाही.