अळूच्या दांड्यातील सुया

वाईच्या शरयू अभ्यंकर सांगलीच्या महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन १९४४ साली साताऱ्यातील एका मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्या. निरोप देताना प्राध्यापकांनी त्यांना विभागातला जुना पितळी सूक्ष्मदर्शक दिला होता. शाळा-समितीला मात्र मुलींसाठी विज्ञानापेक्षा पाकशास्त्र अधिक इष्ट वाटे. दोन वर्षांनी समितीचे अध्यक्ष, निवृत्त सुभेदार लालासाहेब, वर्ग पाहण्यास आले. विज्ञानाचा वर्ग राहणार की जाणार, हे त्या तासावर ठरणार होते.

विषय होता पेशींतील स्फटिक. अळूच्या काही पेशींत सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात आणि त्याच घशाला टोचतात, हे बाईंनी आदल्या दिवशी शिकवले होते. चिंचेच्या आंबटाने या सुया विरघळतात, असेही त्यांनी विश्वासाने सांगून फळ्यावर लिहिले होते. मुलींना अळूचे दांडे आणायचे होते. त्यांनी ते आणले, पण घरच्या वळणाप्रमाणे सोलून, चिंचेच्या कोळात बुडवून.

"बाई, हा वर्ग आहे की फदफद्याची तयारी?" लालासाहेब म्हणाले. "डाळ-दाणे कुठं आहेत?"

मुलींच्या माना खाली गेल्या. बाईंनी तोच दांडा उचलला, वस्तऱ्याने पातळ काप घेतला आणि काचपट्टीवर ठेवला.

"चिंच लागलीच आहे, तर सुया गेल्या का ते पाहू."

पहिली उठली चंद्रा, कोरेगावकडच्या शेतकऱ्याची मुलगी. ती बराच वेळ सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून राहिली.

"न्हाई बाई. सुया हायत तशाच."

"नीट बघ."

"बघितलं की. जुडीच्या जुडी हाय. तुमी म्हणला तसं झालं न्हाई."

"घ्या," लालासाहेब हसले, "पोरगी तुम्हालाच खोटं पाडती."

बाईंनी स्वतः पाहिले. मग फळ्यावरचे आपले कालचे वाक्य त्यांनी पुसून टाकले.

"चंद्राचं बरोबर आहे. मी न तपासता सांगितलं होतं."

आईची रीत आणि शिक्षिकेचा शब्द, दोन्हींपुढे ही मुलगी आपल्या डोळ्यांवर ठाम राहिली होती. शिक्षिकेचा चेहरा उजळला होता, आणि तो अभिमान त्यांनी लपवला नाही.

"मग खाज कशानं जाते?" लालासाहेबांनी विचारले.

"ते मला माहीत नाही."

लालासाहेबांनी फेटा मागे सारला आणि वाकून नळीत पाहिले.

"शिजवल्यावर तरी जातात का ह्या?"

"पाहावं लागेल."

"उद्या घरून शिजवलेला दांडा पाठवतो," ते म्हणाले. "पण मी आल्याशिवाय काप घ्यायचा नाही."