सातव्या फेरीचे नऊ

म्हस्कूआबांना आकडा हवा होता, आणि तोही गोल. लोणी भापकरला आमची घरं समोरासमोर. त्र्याण्णव सालच्या एका धुकट सकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. गणित शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते.

"बाई, कुठनंबी धरला तरी तुटत न्हाय, असा आकडा हाय का?"

"कशाला?"

"बानूसाठी."

बानूबाई त्यांची बायको. शेळगावची, मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेली. काचबिंदूनं डोळे गेले आणि वर्षभर ती दाराबाहेर पडली नव्हती. अंगणाभोवती सहा खुंट रोवून त्यांना लोकरीचा दोर बांधायचा, प्रत्येक खुंटाशी वेगळ्या गाठी मारायच्या, म्हणजे आपण कुठं आहोत ते तिच्या हाताला कळेल, असा आबांचा बेत.

एक ते सहा गाठी पुरल्या असत्या. पण कॉलेजपासून मी ज्याच्यावर जीव टाकला, तोच आकडा तोंडून निघाला. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. ओट्यावर खडूनं गोलात लिहिला. १, ४, २, ८, ५, ७. याची दुप्पट २८५७१४. अंक तेच, क्रम तोच, फक्त दोनापासून निघालेला. तिप्पट चारापासून निघते. सहापटीपर्यंत असंच.

"कळपच की हो! म्होरं कुठलंबी मेंढरू असू दे, मागनं तीच येत्यात. आन सातपट केली तर?"

"सगळे नऊ. ९९९९९९."

त्यांचा चेहरा उतरला. मी लक्ष दिलं नाही, आत चहा उतू जात होता.

दोर बांधला तेव्हा बानूबाई कडाडली, "मी काय दावणीची म्हस हाय?" पण हात दोरावर गेलाच. दाराशी एक, रांजणाशी चार, लिंबाखाली दोन, मेंढरांपाशी आठ. तिन्हीसांजेच्या सोनेरी धुळीत ती ओठ हलवत फिरायची, तेव्हा आकडाच तिला हाताला धरून नेतोय असं वाटायचं.

सहा फेऱ्या झाल्या की मात्र आबा हाक मारत, "बानू, बास." रोज. शेवटी मी विचारलं.

"सातव्याला समदं नऊ व्हत्यात न्हवं? मग तिला दार कसं गावायचं?"

"आबा, गुणाकार कागदावर होतो! दोराला काय कळतंय?"

"तुमी शिकलेल्या. माझं मन मानत न्हाय."

एका संध्याकाळी सहावी फेरी संपली आणि आबांनी हाक मारायच्या आत बानूबाईच म्हणाली, "गप बसा. रोज ऐकतीया तुमचं नऊ नऊ. आज बघतीच."

ती निघाली. आबा उठून उभे राहिले, पण जागचे हलले नाहीत. लिंबाच्या सावलीत ती विरघळून गेली. नुसता दोर थरथरत राहिला. आणि मी, गणिताची पदवीधर बाई, श्वास रोखून बसले होते.

"आवं," लिंबाखालनं आवाज आला, "हितं दोनच हायत."

आबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"मग चाल म्होरं," ते म्हणाले, "आता आठ लागत्याल."