मावसाजींची कोंडलेली ऊब

माझ्या मावशीच्या यजमानांइतकं ऊब जपणारं माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरं नव्हतं. धनजला त्यांची कपाशीची शेती. दाराशी वाळल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा, ढीग छपराला टेकलेला असे, तरी मावसाजींची शेगडी हिवाळाभर मूठभर कोळशावर चाले. निखाऱ्यांवर ते राख अशी पांघरत, की पाहणाऱ्याने आवाज न करता निघून जावं. ऊब वर पळते म्हणून आढ्याखाली जुन्या धोतरांचं छत बांधलेलं, खिडकीच्या फटींत सरकीसकट कापूस ठासलेला. कुणी दार दोन बोटं जास्त उघडलं की विचारत, "सारं गाव तापवून राह्यला का?" माणसाच्या अंगालाही ऊब असते, हा त्यांचा सिद्धान्त. त्यामुळे गावच्या अगडबंब पाटलांना ते आग्रहाने आत बसवून घेत आणि किडकिडीत भटजींची ओट्यावरच बोळवण करत.

मावशी गेली त्या वर्षी उरलीसुरली फटही बुजली. दारावर आतून गोधडी आली. घरातली मांजर उंबऱ्यापर्यंत येई आणि तिथूनच परत फिरे. मी तेव्हा कारंज्याला मास्तर होतो. पौषात एका संध्याकाळी भेटायला गेलो, तर कंदिलात तेल असूनही ज्योत बारीक झाली होती. मावसाजी भिंतीकडे सरकून बसले होते, शेजारी एका माणसाची जागा सोडून. मी तिथे टेकणार तोच त्यांनी माझा हात धरला.

"तिथं नोको बसू. तुही मावशी येते तिथं. खोली बराबर तापली का येते."

मला हसू आलं नाही. थोड्या वेळाने डोकं जड झालं, कपाळ ठणकू लागलं. आणि शेगडीपलीकडे बांगड्या वाजल्या. भाकर थापताना मावशीच्या वाजायच्या, तशाच. थांबल्या, मग पुन्हा वाजल्या. मावसाजी मान खाली घालून कुणाला तरी हळूच विचारत होते, थंडी तर वाजत नाही ना. विचारता विचारताच ते एका बाजूला कलंडले.

हाकेला उत्तर येईना. उठू गेलो तर पाय उचलेनात. रांगत खिडकी गाठली, कापूस उपसला आणि दोन्ही मुठींनी फळी ढकलली. गार वारा आत आला, तेव्हा कुठे माझा आवाज शेजाऱ्यांपर्यंत पोचला. त्यांनी मावसाजींना अंगणात आणून निजवलं. कारंज्याहून डॉक्टर आले. कोंडलेल्या खोलीत कोळशाने हवा विषारी होते, त्यात भास होतात, आणखी थोडा वेळ गेला असता तर दोघेही संपले असते, असं त्यांनी सांगितलं. मावसाजी शुद्धीवर आले ते माझ्याकडे पाहत.

"काहून उघडली रे खिडकी?" एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते खोलीत शेगडी पेटवेनासे झाले. अंगणात मोठा जाळ करत, त्यात हात न आखडता पऱ्हाट्या घालत, आणि आळीतली सगळी माणसं, किडकिडीत भटजीसुद्धा, भोवती शेकत बसत. पुढच्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा जेवणवेळ होऊन सगळे उठले होते. मावसाजी जाळाकडे पाहत होते.

"डाक्टर म्हणते भास होता. तुले आयकू आल्या होत्या ना बांगड्या?"

त्या बांगड्यांविषयी मी तोवर कुणाजवळ बोललो नव्हतो. आल्या होत्या, असं मी म्हणालो.

"किती डाव?"

"दोनदा."

"मलेबी दोनदाच," मावसाजी म्हणाले, आणि बसल्या जागी जरा सैल झाले.