थंडीत डिझेल कोण पितं

एसटी चुकली म्हणून मी डिसेंबरच्या एका सकाळी चाकूरहून नांदेडला ट्रकने निघालो. केबिनमध्ये ट्रकचे मालकही होते, डिझेलचा हिशोब स्वतः तपासायला. हिवाळ्यात ॲव्हरेज घसरतं, म्हणजे ड्रायव्हर डिझेल विकतो, हा त्यांचा सिद्धांत. तो आज सिद्ध झाला की ड्रायव्हरची नोकरी जाणार होती.

ड्रायव्हर मात्र वरातीला निघाल्यासारखा खुशीत. त्याने प्रत्येक टायरला टाच मारून पाहिली आणि हवा भरून घेतली.

"गारठ्यानं हवा आकसती, मालक. ऑइल बी घट्ट होतंय. इंजिन तापेस्तोवर डिझेल लई लागतंय."

"पुराण पुरे," मालक मफलरातून म्हणाले.

लोह्याला चहासाठी थांबलो. ड्रायव्हर इंजिन बंद करणार, तोच मालक ओरडले, "चालू राहू दे! मी पाय शेकून राहिलो."

तीन चहा झाले तरी ते खाली उतरले नाहीत. इंजिन धडधडतच होतं. तिसरा कप खिडकीतून परत घेताना ड्रायव्हर अदबीनं म्हणाला, "मालक, चोर घावला. चहा बी त्योच पितोय, डिझेल बी त्योच!"

मी हसू दाबायला खोकलो. मफलरही हलू लागला.

सिद्धांत चुकला, असं मालक म्हणाले नाहीत. मालक तसं म्हणत नसतात. त्यांनी चौथा चहा मागवला, ड्रायव्हरसाठी. इंजिन बंद करून.